ब्राउझरमधला खेळ घडवणे हेही अभियांत्रिकीच

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मी गेली २४ वर्षे कोल्हापुरात पतसंस्था आणि दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्या निमित्ताने अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी दरवर्षी माझ्याकडे प्रकल्पासाठी मार्गदर्शन मागायला येतात. या वर्षी आलेल्या चार विद्यार्थ्यांच्या बाबतीत जे घडले, ते अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विभागप्रमुखांनी, प्राध्यापकांनी आणि पालकांनी वाचावे असे मनापासून वाटल्याने हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, याची मला जाणीव आहे. पण विषय दोन ओळींत सांगितला की त्याला लगेच ‘गेमचे वेड’ म्हटले जाते, हाच तर अनुभव आहे.

दोन मुली आणि दोन मुलगे अशा या गटाने आपल्या महाविद्यालयात असा विषय मांडला होता: अनेकांनी एकत्र खेळायच्या एका जुन्या ऑनलाइन खेळासाठी, कोणत्याही ब्राउझरमध्ये चालेल असा मुक्तस्रोत (म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो असा) क्लायंट, म्हणजे खेळाडूच्या बाजूचा प्रोग्रॅम, तयार करणे. पहिल्याच आढाव्यात विषय नाकारला गेला. कारणे दोन देण्यात आली. गेम हा प्रकल्पाचा विषय होऊ शकत नाही, हे पहिले; आणि ऑनलाइन गेमवर आता सरकारने बंदी घातली आहे, हे दुसरे. मुलांनी निमूटपणे चेहऱ्यावरून हजेरी घेण्याचा, दरवर्षी चार-पाच गट करतात तोच विषय कागदावर घेतला, त्याचे गुण मिळवले आणि खरे काम संध्याकाळी उद्यमनगर या आमच्या कारखान्यांच्या वस्तीत, माझ्या मित्राच्या वर्कशॉपच्या माडीवर बसून केले. महाविद्यालयाचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण हाच विषय दुसरीकडे नेला असता तरी उत्तर फार वेगळे मिळाले असते असे मला वाटत नाही.

बंदीचा मुद्दा आधी निकालात काढतो. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयीच्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी आणली आहे. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना आणि पैशाचा संबंध नसलेल्या सामाजिक व शैक्षणिक खेळांना प्रोत्साहन देण्याची तरतूद आहे. कायद्याच्या नावातच ‘प्रोत्साहन’ हा शब्द ‘नियमन’ या शब्दाच्या आधी येतो. पैशाचे खेळ बंद झाले हे उत्तमच झाले, कारण आपल्याच जिल्ह्यात त्यापायी कर्जबाजारी झालेली घरे मी पाहिली आहेत. परंतु त्या जुगाराचे आणि या विद्यार्थ्यांच्या कामाचे नाते ‘ऑनलाइन’ या एका शब्दापलीकडे काही नाही.

आता तो खेळ कोणता ते सांगतो. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी १९७८ साली मजकुरावर चालणारा, एकाच वेळी अनेकांना खेळता येईल असा खेळ लिहिला आणि त्याला ‘मड’ असे नाव दिले. त्याच घराण्यातले शेकडो खेळ पुढे निघाले आणि काही आजही स्वयंसेवक चालवतात. यात चित्र नसते. तुम्ही कुठे उभे आहात, समोर कोण आहे, दार कोणत्या दिशेला आहे, हे सगळे शब्दांत येते आणि तुम्हीही शब्दांतच उत्तर देता. आमच्या गटाने निवडलेल्या खेळाचा सर्व्हर, म्हणजे सगळे खेळाडू ज्याला जोडले जातात तो मुख्य प्रोग्रॅम, मुक्तस्रोत आहे आणि तो चालवणाऱ्या परदेशी मंडळींकडून ब्राउझर क्लायंट लिहिण्यासाठी मुलांनी ईमेलने रीतसर परवानगी घेतली. हे मी आवर्जून सांगतो, कारण एखाद्या कंपनीच्या बंदिस्त खेळाच्या अटी बाहेरच्या क्लायंटला मनाई करत असतील, तर तिथे हात घालू नये या मताचा मी आहे आणि पहिल्या दिवशी मुलांना मी तेच बजावले होते.

हे खेळ टेलनेट नावाच्या, दोन संगणकांनी एकमेकांशी बोलायच्या जुन्या संकेतप्रणालीवर बोलतात. तिचे आजही वापरात असलेले मानक १९८३ सालचे आहे. विंडोजमध्ये व्हिस्टापासून टेलनेटचा क्लायंट आपोआप बसवलेला येत नाही, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काहीही नवीन बसवायला परवानगी लागते आणि आपल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या हातात लॅपटॉप नसून फोन असतो. ब्राउझर मात्र सगळीकडे असतो. प्रश्न एवढाच की सुरक्षिततेच्या कारणास्तव ब्राउझर वेब पानाला टेलनेटला लागते तशी दुसऱ्या संगणकाशी थेट (टीसीपी) जोडणी उघडू देत नाही. त्यासाठी २०११ साली प्रमाणित झालेली वेबसॉकेट ही ब्राउझरसाठीची जोडणी वापरावी लागते आणि वेबसॉकेट व टेलनेट यांच्यामध्ये एक मध्यस्थ प्रोग्रॅम उभा करावा लागतो. दुभाष्याचेच काम ते. पण या दुभाष्याच्या दारावर पहारा नसेल तर जगातला कोणीही त्याच्या आडून तिसऱ्याच संगणकाला जोडणी करू शकतो. म्हणून तो फक्त एकाच खेळाच्या पत्त्याशी बोलेल अशी अट मुलांना घालावी लागली. हा धडा मी त्यांना फळ्यावर शिकवला असता तर ते दुसऱ्या दिवशी विसरले असते.

संगणक मजकूर बाइटांत, म्हणजे ० ते २५५ या आकड्यांत, पाठवतो. टेलनेटमध्ये २५५ या किमतीचा बाइट आला की पुढचे बाइट हे मजकूर नसून आज्ञा आहेत असे समजायचे असते. २५५, २५१, १ असे तीन बाइट आले तर त्याचा अर्थ ‘आता अक्षरे पडद्यावर दाखवू नकोस’ असा होतो, कारण खेळाडू पासवर्ड टाइप करणार असतो. पहिल्या आवृत्तीत मुलांनी या आज्ञा नुसत्या गाळून टाकल्या होत्या. परिणामी गटातल्या एका मुलीचा पासवर्ड भिंतीवरच्या प्रोजेक्टरवर सगळ्यांसमोर उमटला. तिने तिथल्या तिथे तो बदलला आणि त्याच रात्री संपूर्ण मानक वाचून काढले. एवढ्या बारकाईने मूळ दस्तऐवज वाचणारा विद्यार्थी मी अलीकडे पाहिला नव्हता.

खरी परीक्षा मराठीने घेतली. सर्व्हरचा कोड खुला असल्याने मुलांनी त्याची एक प्रत आमच्याच संगणकावर चालवली आणि तिच्यात कोल्हापूर वसवले. भवानी मंडपातून महाद्वार रस्त्याला लागता येते, गंगावेशीतून पंचगंगेच्या घाटाकडे जाता येते, रंकाळ्याच्या काठावर दुसरा खेळाडू भेटला तर त्याच्याशी बोलता येते. इंग्रजी अक्षरांखेरीज दुसरे काहीही नाकारणारी जुनी तपासणी काढल्यावर एकाने स्वतःचे नाव ‘कोल्हापूरकर’ असे दिले. पडद्यावर ‘कोल्ह’ एवढेच आले. ‘सर, नाव अर्धंच घेतलंय,’ असे म्हणत तो माझ्याकडे आला. मी त्याला उत्तर न देता चिन्हे मोजायला सांगितली. यूटीएफ-८ या, अक्षरे बाइटांत मांडण्याच्या संकेतनात देवनागरीतले प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. क, ओकार, ल, हलन्त आणि ह अशी ५ चिन्हे म्हणजे १५ बाइट, आणि सर्व्हरने नावासाठी ठेवलेली जागा नेमकी १५ बाइटांची होती. इंग्रजी लिहिणाऱ्याला तिथे पंधरा अक्षरांचे नाव मिळते आणि मराठी लिहिणाऱ्याला दोन अक्षरांचे, हे त्या मुलाने स्वतःच्या नावावर अनुभवले.

दुसरी अडचण याहून चिवट होती. मजकुरात मधेच, कधी येईल कधी नाही अशा रीतीने, काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटायचे. चार दिवस मुले फॉन्टला दोष देत राहिली, दोन फॉन्ट बदलूनही पाहिले. शेवटी आलेले बाइट जसेच्या तसे कागदावर छापून टेबलावर पसरले आणि आम्ही पाचही जण पेन्सिल घेऊन बसलो. खाली लेथ सुरू असल्याने मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकू येत नव्हते. ‘क’ या अक्षराचे बाइट २२४, १६४, १४९ असे असतात. एका पानाच्या शेवटी २२४, १६४ एवढेच होते आणि पुढच्या पानाची सुरुवात १४९ ने होत होती. ‘रंकाळ्याच्या’ या शब्दातला क दोन तुकड्यांत विभागला गेला होता! मध्यस्थ प्रोग्रॅम १०२४ बाइटांचे तुकडे वाचून पुढे पाठवत होता, आणि ब्राउझरमध्ये मुलांनी लिहिलेला कोड प्रत्येक तुकडा स्वतंत्र व पूर्ण मजकूर आहे असे समजून त्याची अक्षरे उलगडत होता. इंग्रजीत अक्षर एकाच बाइटाचे असल्यामुळे ते मधून तुटत नाही, म्हणूनच इंग्रजीत खेळणाऱ्यांना हा दोष कधी दिसला नसावा. मागच्या तुकड्यातले उरलेले बाइट पुढच्यासाठी राखून ठेवण्याची सोय ब्राउझरच्या उलगडकात आधीपासूनच आहे; ती चालू करायला एक शब्द पुरला. त्या एका शब्दासाठी चार दिवस गेले, आणि माझ्या मते संपूर्ण वर्षातले ते सर्वांत मोलाचे चार दिवस होते. त्याच बैठकीत त्यांच्यापैकी एकीच्या लक्षात आले की यूटीएफ-८ मध्ये २५५ हा बाइट कधीच येत नाही, त्यामुळे टेलनेटच्या आज्ञा आणि मराठी मजकूर एकमेकांत मिसळण्याचा धोका नाही. हे तिला कोणी सांगितले नव्हते.

जोडाक्षरांचे मात्र ब्राउझरने निभावले. ‘ऱ्ह’, ‘ल्ह’, ‘ळ्या’ ही अक्षरे नीट जुळवून दाखवण्याचे काम आजचे ब्राउझर फार चांगले करतात. स्वतःची लिपीव्यवस्था वापरणाऱ्या कितीतरी खेळांत मराठी मजकूर हलन्त सुटे दाखवत उघडा पडतो. मराठीत खेळ आणायचा असेल तर ब्राउझर ही आपल्यासाठी सर्वांत सोयीची जागा आहे, हे मला या निमित्ताने उमगले.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गटातल्या एका मुलीचा आत्तेभाऊ गडहिंग्लजला असतो. त्याला दिसत नाही. तो एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे मुक्तस्रोत पडदावाचक वापरतो, आणि त्यासोबत येणारा ईस्पीक एनजी हा आवाज मराठीही वाचतो. चित्र नसलेला खेळ दृष्टिहीनांसाठी किती मोकळा असतो, हे आम्ही आधी लक्षातच घेतले नव्हते. पहिल्या दिवशी त्याने फोन केला: ‘ताई, नवी ओळ आली की सगळं पहिल्यापासून वाचतंय गं. मला नवीन तेवढंच ऐकव.’ प्रत्येक नव्या संदेशाबरोबर मुलांचा कोड पूर्ण पडदा पुसून नव्याने लिहीत होता. डोळ्यांनी पाहणाऱ्याला त्यात फरक दिसत नाही, पण पडदावाचकाला सगळा मजकूर नवीन वाटतो. त्यांनी तो भाग ‘नोंदवही’ या भूमिकेचा आहे असे पानाला सांगितले आणि फक्त नवी ओळ शेवटी जोडण्याची पद्धत लावली. त्या संध्याकाळी तो आणि त्याची ताई रंकाळ्याच्या काठावर, म्हणजे पडद्यावरच्या रंकाळ्याच्या काठावर, दीड तास बोलत होते. तो पडदावाचकाचा वेग इतका वाढवून ऐकतो की आम्हाला एकही शब्द कळत नव्हता, आणि उत्तरे मात्र आमच्या आधी तोच देत होता.

काही प्राध्यापक मित्रांनी विचारले की क्लायंटचा कोडच सर्वांसमोर ठेवला तर खेळात लबाडी होणार नाही का? प्रश्न रास्त आहे. पण क्लायंटवर भरवसा ठेवणारा सर्व्हर कोड लपवल्यानेही सुरक्षित होत नाही. नियम पाळले जात आहेत की नाही हे सर्व्हरनेच तपासायचे असते. आमच्या गटातल्या एकाने चाचणी म्हणून खेळाडूच्या बोलण्यात एचटीएमएलचा टॅग, म्हणजे वेब पानाला दिलेली आज्ञा, टाकला, तेव्हा तो इतरांच्या पडद्यावर चक्क चालला. बाहेरून आलेला मजकूर हा मजकूर म्हणूनच दाखवायचा, पानाचा भाग म्हणून नाही, हा बँकेच्या संकेतस्थळालाही लागू असणारा नियम ते तिथे शिकले. कोल्हापुरातली कितीतरी मुले ज्या लीचेस या संकेतस्थळावर बुद्धिबळ खेळतात, ते २०१० पासून चालू आहे, त्याचा कोड पूर्णपणे खुला आहे आणि ते ब्राउझरमध्येच चालते. फ्रीसिव्ह हा खेळ १९९५ साली डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी सुरू केला. पुढे त्याचीही ब्राउझरमध्ये खेळता येणारी आवृत्ती इतरांनी तयार केली. फ्रीसिव्हची सुरुवात तर विद्यार्थ्यांनीच केली.

मुक्तस्रोत असण्याचा महाविद्यालयाला होणारा सर्वांत मोठा उपयोग मूल्यमापनाचा आहे, आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही याचे मला वाईट वाटते. तयार प्रकल्प पैसे देऊन मिळतात, हे परीक्षकांपासून पालकांपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. या चौघांच्या कोडचा इतिहास मात्र गिट या, कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दिवसागणिक नोंदवलेला आहे: कोणी, कोणत्या रात्री, कोणती ओळ का बदलली, कोणती चूक कोणी केली आणि ती कोणी निस्तरली. परीक्षकाने त्यातली कोणतीही एक नोंद काढून विद्यार्थ्याला ‘हे का केलंस?’ एवढे विचारले तरी पुरे. नावाच्या जागेची दुरुस्ती मुलांनी मूळ सर्व्हरच्या चालकांकडे पाठवली, तेव्हा ती प्रथम परत आली. जुन्या खेळाडूंच्या साठवलेल्या फायली यामुळे वाचता येणार नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता आणि तो बरोबर होता. मुलांनी ती दोनदा नव्याने लिहिली आणि तिसऱ्यांदा ती स्वीकारली गेली. ज्यांना आपण कधी भेटलो नाही, ज्यांना आपल्या गुणांशी काही देणेघेणे नाही, अशा माणसांनी तपासून घेतलेले काम हे आपल्या अंतर्गत गुणांपेक्षा कमी कसे?

कोड इतरांनी कोणत्या अटींवर वापरावा, म्हणजे त्याच्या परवान्याची निवड करतानाही त्यांची दोन संध्याकाळी चर्चा झाली. सर्व्हरच्या कोडमध्ये बदल करून तो नेटवर सेवा म्हणून चालवणाऱ्याने ते बदल वापरणाऱ्यांना उपलब्ध करून द्यावेत, ही एजीपीएल परवान्याची अट त्यांना न्याय्य वाटली आणि मध्यस्थ प्रोग्रॅमला त्यांनी तोच परवाना लावला. या विषयावर आपल्याकडे अभ्यासक्रमात जेमतेम एखादे पान असते.

उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला हे सगळे अपरिचित वाटू नये. ज्याचा आराखडा मिळत नाही असा बिघडलेला भाग समोर ठेवून, त्याची मापे घेऊन, तसाच किंवा त्याहून चांगला भाग घडवणारे मेस्त्री या शहराने पिढ्यान्पिढ्या पाहिले आहेत. ज्या मित्राने माडी दिली, तो लेथवरचा माणूस आहे, संगणकातले त्याला काही कळत नाही. बाइट छापलेले ते कागद टेबलावर पसरलेले पाहून त्याने एवढेच विचारले, ‘माप कुठं चुकतंय?’ आम्ही तेच शोधत होतो.

पालकांची काळजी मी समजू शकतो. मुलगा रात्री अकराला ‘गेमचं काम आहे’ असे सांगून बाहेर पडला तर कोणत्या आईला बरे वाटेल? गटातल्या एका मुलाचे वडील म्हणूनच एका संध्याकाळी न सांगता माडीवर आले. मुलाने त्यांना खुर्ची दिली, फोनवर पान उघडून दिले आणि त्यांनी उत्तर दिशेला जाण्यासाठी ‘उत्तर’ असे टाइप करून भवानी मंडपातून पाऊल पुढे टाकले. ते अर्धा तास बसले. जाताना मुलाला ‘चार्जर आणलायस का?’ एवढेच म्हणाले.

माझी मागणी मोठी नाही. प्रकल्पाचा विषय केवळ ‘गेम’ या शब्दावरून नाकारला जाऊ नये. त्यात नेटवर्क, संकेतप्रणाली, सुरक्षितता, भाषा आणि सुगम्यता (दिव्यांगांनाही वापरता येण्याची सोय) यांचे काम किती आहे, हे विभागांनी विद्यार्थ्यांकडून लेखी मागवावे आणि त्यावर निर्णय घ्यावा. कोडचा इतिहास हा मूल्यमापनाचा भाग करावा. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या, १८५० पासून या शहराला वाचायला शिकवणाऱ्या संस्थेत आठवड्यातून एक संध्याकाळ अशा गटांना बसायला मिळाली तर वर्कशॉपच्या माडीची गरज उरणार नाही. त्यासाठी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना भेटण्याची माझी तयारी आहे. ज्या विभागांना या चौघांचे काम पाहायचे असेल, त्यांच्याकडे ही मुले स्वतःच्या खर्चाने येऊन दाखवायला तयार आहेत.

नव्या सत्राचे प्रकल्पविषय लवकरच ठरू लागतील. या गटाच्या एक वर्ष मागे असलेल्या वर्गातल्या तीन मुलांनी याच क्लायंटमध्ये फोनचे नेटवर्क तुटल्यावर आपोआप पुन्हा जोडणी होण्याचे काम हाती घ्यायचे ठरवले आहे आणि त्यांचा अर्ज त्याच विभागाकडे जाणार आहे. तो अर्ज टेबलावर येण्याआधी हे पत्र आपल्या वृत्तपत्रात प्रसिद्ध व्हावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक सॉफ्टवेअर व्यावसायिक
राजारामपुरी, कोल्हापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)